सिंहासनावाचून साम्राज्य

सन १७७९च्या सप्टेंबर महिन्यात न्यू मेक्सिको या स्पॅनिश सुभ्याचा गव्हर्नर हुआन बाउतिस्ता दे आन्सा हा आपली फौज घेऊन, नेहमीची वाट सोडून, डोंगरांच्या पाठीमागून उत्तरेकडे गेला आणि ज्या कोमांची सरदाराच्या नुसत्या नावाने त्या सुभ्यातील गावे दारे लावून घेत, त्या क्वेर्नो व्हेर्देला त्याने आजच्या कोलोरॅडोतील एका डोंगराच्या पायथ्याशी गाठून ठार केले. हिरव्या शिंगाचे त्याचे शिरस्त्राण विजयचिन्ह म्हणून सरकारजमा झाले. युरोपातील रीतीप्रमाणे प्रकरण येथे संपावयास हवे होते. शत्रूचा मुख्य पडला म्हणजे त्याची फौज उधळते, वारस वकील पाठवतो आणि तहाची कलमे लिहिली जातात. पण क्वेर्नो व्हेर्दे हा कोमांचींचा राजा नव्हताच. त्याच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवून जे स्वार त्याच्यामागे येत तेवढेच काय ते त्याचे प्रजाजन, आणि ज्या टोळ्या त्याच्यामागे कधी गेल्याच नव्हत्या त्यांना त्याच्या मरणाचे सोयरसुतक नव्हते.

आन्सा हुशार मनुष्य होता. पुढे १७८० व १७८१ साली देवीच्या साथीने दोन्ही पक्ष खिळखिळे केले, आणि धान्य, भाकरी, लोखंडी अवजारे यांसाठी न्यू मेक्सिकोच्या बाजारांची गरज असलेले कोमांची जेव्हा सलोख्याची बोलणी करू लागले, तेव्हा त्याने एकच अट घातली : तह करीन, पण एकाशी करीन, सर्व टोळ्यांनी मिळून आपला एक मुखत्यार निवडावा. ही अट त्या लोकांच्या परंपरेत बसणारी नव्हती. तरीही आर्कान्सा नदीकाठी सभा भरली, एक्वेराकापा नावाच्या पुढाऱ्याची निवड झाली, त्याला विरोध करणारा तोरो ब्लांको हा एक्वेराकापाच्या पक्षाच्या लोकांकडून मारला गेला, आणि १७८६ साली सांता फे येथे एक्वेराकापाच्या हाती स्पेनच्या राजाच्या नावाने अधिकारदंड देण्यात आला. न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीवर तो तह पुढे दीर्घकाळ टिकला, याचे श्रेय आन्साच्या मुत्सद्देगिरीला द्यावे तेवढेच ताओस व पेकोस येथील जत्रांनाही द्यावे लागेल. कारण कोमांचींना राजदंडाचे अप्रूप असो वा नसो, मक्याचे आणि सुऱ्यांचे निश्चित होते.

हे लोक आले कोठून? रॉकी पर्वताच्या पूर्वेस, आजच्या वायोमिंगच्या प्रदेशात पायी हिंडणाऱ्या शोशोनी लोकांची ही एक शाखा. भाषा त्यांचीच, वळणही त्यांचेच. स्वतःस ते नुमुनुउ म्हणवीत, आणि ‘कोमांची’ हे नाव त्यांच्या शेजारच्या यूट लोकांनी दिलेले, शत्रुत्वाच्या अर्थाचे. त्यांच्या भाग्याची कळ मात्र दूर दक्षिणेस फिरली. १६८० साली न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो लोकांनी पोपे नावाच्या पुरुषाच्या नेतृत्वाखाली बंड करून स्पॅनिशांना काही वर्षांपुरते हुसकून लावले, आणि त्या गडबडीत स्पॅनिशांचे घोडे मोठ्या संख्येने आदिवासींच्या हाती लागून उत्तरेकडे पसरले. पुढे वीसपंचवीस वर्षांतच, १७०६च्या सुमारास, स्पॅनिश कागदपत्रांत कोमांची हे नाव प्रथम उमटते, ते ताओसवर हल्ला होणार अशी धास्ती कळवणाऱ्या मजकुरात. एका पिढीपूर्वी कुत्र्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून पायी फिरणारे लोक एवढ्या अल्पावधीत घोड्यावर आरूढ होऊन साऱ्या मुलखाला भारी पडावेत, असे उदाहरण इतिहासात फारसे आढळत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी अपाचींना दक्षिण मैदानांतून हुसकावून लावले होते. अपाचींचा दोष एवढाच की ते नदीकाठी मका पेरीत. शेत असलेल्या माणसाला वर्षाच्या काही महिन्यांत कोठे गाठावयाचे हे शत्रूला ठाऊक असते. १७५८ साली टेक्सासातील सान साबा येथे अपाचींसाठी नुकतेच उभारलेले ख्रिस्ती मिशन कोमांची व त्यांच्या मित्रांनी जाळले, आणि त्याचा सूड घेण्यास दुसऱ्या वर्षी निघालेली स्पॅनिश फौज रेड नदीवरून तोफा टाकून परतली. उत्तरेस आर्कान्सा नदी, दक्षिणेस टेक्सासच्या चुनखडीच्या पठाराचा कडा, पश्चिमेस पेकोस नदी असा जो विस्तीर्ण टापू, त्यास स्पॅनिश लोक स्वतःच्याच नकाशांवर ‘कोमांचेरिया’ म्हणू लागले. ज्या मुलखावर आपले स्वामित्व आहे असे राजा समजत होता त्या मुलखाला त्याच्याच अंमलदारांनी दुसऱ्याचे नाव द्यावे, यात सारे आले.

या टापूचे हृदय म्हणजे यानो एस्ताकादो हे पठार : झाड नाही, टेकडी नाही, गुडघाभर गवताशिवाय नजर ठरावयास काही नाही. १५४१ साली कोरोनाडोची स्पॅनिश मोहीम येथून गेली तेव्हा इतक्या माणसांच्या व जनावरांच्या चालीचा मागसुद्धा गवत पुन्हा उभे राहून पुसला जाई. या गवतावर बायसन जगत. आपल्याकडील गव्याशी दूरचे नाते सांगणारा, खांद्यावर वशिंड आणि मानेवर झुलती आयाळ असलेला हा प्रचंड पशू म्हणजे कोमांचींचे कोठार. मांस उन्हात वाळवावे, कातड्याचे तंबू आणि पांघरुणे करावीत, स्नायूंच्या दोऱ्या वळाव्यात, शिंगांचे चमचे करावेत, जठराच्या पिशवीत पाणी भरावे, आणि ज्या पठारावर लाकूड नाही तेथे वाळलेल्या शेणाच्या विस्तवावर रांधावे. यांतील बहुतेक कष्ट स्त्रियांच्या वाट्याचे. एक कातडे खरवडून, मेंदूचा लेप चोळून, ओढून ताणून मऊ करण्यास कित्येक दिवस लागत. कातड्यांचा व्यापार वाढला तशा श्रीमंत पुरुषांच्या बायका वाढल्या, आणि पळवून आणलेल्या स्त्रियाही त्याच कामाला जुंपल्या गेल्या, ही गोष्ट त्यांच्या शौर्याच्या कथा रंगवून सांगणारे सहसा सांगत नाहीत.

शौर्य मात्र खरेच होते, आणि ते घोड्यापासून वेगळे काढता येत नाही. चित्रकार जॉर्ज कॅटलिन हा १८३४ साली अमेरिकन घोडदळाबरोबर त्यांच्या वस्तीवर गेला होता. जमिनीवर उभा असलेला कोमांची त्याला ठेंगणा, बेढब आणि चालताना अवघडलेला वाटला. तोच मनुष्य घोड्यावर बसताच कसा डौलदार होऊन जातो हे पाहून तो थक्क झाला. त्याने बारकाईने नोंदवून ठेवलेली युक्ती अशी : घोड्याच्या आयाळीत केसांच्या दोरीची दोन्ही टोके घट्ट गुंफून गळ्याखाली एक फास लोंबता ठेवावयाचा, घोडा भरधाव असताना स्वार त्या फासात कोपर अडकवून जनावराच्या एका अंगास आडवा लटके, वर केवळ टाच पाठीवर अडकलेली, आणि त्या स्थितीत घोड्याच्या मानेखालून बाण सोडी. शत्रूला दिसे तो स्वारावाचून धावणारा घोडा. लहान मुलगा चालू लागतो न लागतो तोच त्याला तट्टावर बसवीत. भरधाव जाताना जमिनीवरची वस्तू उचलण्याचा सराव हलक्या वस्तूपासून सुरू होई आणि हळूहळू वजन वाढवीत अखेर जखमी होऊन पडलेल्या सोबत्याला दोघा स्वारांनी दोन बाजूंनी उचलून नेण्यापर्यंत पोहोचे, कारण पडलेल्या माणसाला शत्रूच्या हाती सोडून येणे ही नामुष्की होती.

ढालीचीही तीच कथा. म्हाताऱ्या नर बायसनच्या खांद्यावरचे सर्वांत जाड कातडे विस्तवावर आकसवून घट्ट करावयाचे, त्याचे दोन थर लाकडी कड्यावर ताणून बसवावयाचे, आणि मधल्या पोकळीत केस, गवत, पुढे पुढे तर गोऱ्यांच्या घरांतून लुटून आणलेला कागद ठासून भरावयाचा. तिरकस येणारी बंदुकीची गोळीही अशा ढालीवरून घसरून जाई. टेक्सासचा प्रसिद्ध पशुपालक चार्ल्स गुडनाइट याच्या हाती अशी एक ढाल आली, तीत रोमच्या इतिहासाचा अख्खा ग्रंथ निघाला, अशी कथा नमूद आहे. इतिहासाचा इतका प्रत्यक्ष उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

कोमांचींच्या टोळ्या अनेक, आणि त्यांची नावे बहुधा त्यांच्या खाण्यावरून किंवा वागण्यावरून पडलेली : मध खाणारे पेनाटेका दक्षिणेकडे, कंदमुळे खाणारे याम्पारिका उत्तरेकडे, बायसन खाणारे कोत्सोतेका, भटके नोकोनी, आणि यानो एस्ताकादोच्या कुशीत राहणारे, ज्यांना हरणांचे नाव होते, ते क्वाहाडी. प्रत्येक वस्तीला एक ‘पराईबो’ असे, म्हणजे वडीलधारा. त्याचे शहाणपण लोकांना पटे तोवर तो पराईबो. पटेनासे झाले की शेजारचा तंबू उठून दुसऱ्या वस्तीत जाई, आणि त्यास कोणी अडवीत नसे. मुलूखगिरीचा मनसबा ज्याच्या मनात येई तो ढोल वाजवून माणसे जमवी. त्या स्वारीपुरता त्याचा शब्द प्रमाण, स्वारी परतली की अधिकार संपला. वर्षातून ठरावीक वेळी सर्व टोळ्यांनी एकत्र येऊन करावयाचा असा एखादा मोठा धर्मविधीही त्यांच्यात नव्हता. माणसाला ‘पुहा’, म्हणजे अलौकिक सामर्थ्य, मिळे ते त्याला एकट्याला, उपास करून, एकांतात.

अशा समाजाने दीडशे वर्षे मोठमोठ्या राज्यांना दहशतीखाली ठेवावे, हे इतिहासकारांनाही फार काळ उमगले नव्हते. पेक्का हॅमालाइनेन या फिनिश इतिहासकाराने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या सत्तेला सरळ साम्राज्यच म्हटले, आणि त्यावरून विद्वानांत वाद माजला. मला ते नाव अनाठायी वाटत नाही. स्पेनकडून नजराणे घ्यावयाचे, न्यू मेक्सिकोतून येणाऱ्या ‘कोमांचेरो’ व्यापाऱ्यांना अभय द्यावयाचे, आणि शरद ऋतूच्या चांदण्यात रिओ ग्रांदे ओलांडून चिवावा, दुरांगो, कोआविला हे मेक्सिकोचे प्रांत लुटून हजारो घोडे, खेचरे व कैदी उत्तरेच्या बाजारात आणावयाचे, हा व्यवहार इतका नियमित झाला होता की टेक्सासात पौर्णिमेच्या चंद्राला ‘कोमांची चंद्र’ असे नाव पडले. दक्षिण मैदानांवर निरनिराळ्या जमाती एकमेकांशी बोलत ती भाषाही बहुधा कोमांचीच. वसूल होता, व्यापार होता, दरारा होता. नव्हती ती राजधानी आणि सही करणारा हात.

आणि त्या हाताच्या शोधातच अनर्थ झाले. १८४० साली मार्च महिन्यात पेनाटेकांचे बारा पुढारी बायकामुलांसह सॅन अँटोनिओ येथे टेक्सास प्रजासत्ताकाशी बोलणी करण्यास आले. सर्व गोरे कैदी आणून द्यावेत ही टेक्सासची अट होती. त्यांनी बरोबर आणली ती मॅटिल्डा लॉकहार्ट नावाची एक मुलगी, जिचा छळ झाल्याचे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते, आणि काही मेक्सिकन मुले. बाकीचे कैदी इतर टोळ्यांकडे आहेत, त्यांच्यावर आमची सत्ता नाही, असे पुढाऱ्यांनी सांगितले. ते अक्षरशः खरे होते. टेक्सासच्या अधिकाऱ्यांनी ते लबाडीचे समजून, कैदी येईपर्यंत तुम्ही आमचे ओलीस, असा हुकूम ऐकवला. सभागृहातच सुरे आणि बंदुका निघाल्या. ३५ कोमांची आणि ७ टेक्सासवासी मारले गेले. बोलणी करावयास आलेल्यांना मारणे हा कोमांचींच्या दृष्टीने अक्षम्य विश्वासघात होता. ऑगस्टमध्ये त्यांचा पुढारी बफेलो हंप शेकडो स्वारांनिशी सरळ समुद्रापर्यंत उतरला. लिनव्हिल बंदरातील लोक होड्यांत बसून खाडीत गेले आणि आपले गाव जळताना पाण्यातून पाहत राहिले. एका वखारीत टोप्या आणि छत्र्यांचा माल होता. तो लुटून, उंच टोप्या घालून, उन्हात छत्र्या उघडून स्वार परतीच्या वाटेला लागले. लुटीने लादलेली खेचरे वेगाने चालेनात, आणि प्लम क्रीकपाशी टेक्सासच्या लोकांनी त्यांना गाठले. लिनव्हिल पुन्हा वसले नाही.

याच्या उलट अनुभवही नमूद केला पाहिजे. १८४७ साली टेक्सासातील जर्मन वसाहतकऱ्यांच्या वतीने मॉयझेबाख याने पेनाटेकांशी स्वतंत्र तह केला, तो सर्व कोमांचींच्या वतीने नव्हे, समोर बसलेल्यांच्या वतीने. आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला गेल्याची ख्याती आहे.

पुढची घसरण लवकर झाली, आणि तिचे कर्तृत्व सैन्याकडे जितके जाते तितकेच रोगाकडे जाते. १८४९ साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यांबरोबर पटकी आली आणि पेनाटेकांची टोळी जवळजवळ मोडून गेली. कोल्टच्या पिस्तुलाने, पुन्हा भरण्यास न थांबता पाच गोळ्या झाडता येऊ लागल्याने, बाणाचा वेग हा कोमांचींचा जुना फायदाही संपला.

याच काळातील एका स्त्रीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८३६च्या मे महिन्यात फोर्ट पार्कर या वसाहतीवरील हल्ल्यात नऊएक वर्षांची सिंथिया ॲन पार्कर पळवली गेली. टोळीने तिला आपली मानले. पेटा नोकोना या सरदाराशी तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. १८६० साली डिसेंबरात टेक्सास रेंजर्सनी पीझ नदीवरील एका छोट्या छावणीवर छापा घातला तेव्हा तान्ही मुलगी उराशी धरून पळणारी ही निळ्या डोळ्यांची स्त्री त्यांच्या हाती लागली. सुटका झाली म्हणून टेक्सासभर आनंद झाला, विधिमंडळाने तिला जमीन आणि वार्षिक तनखा मंजूर केला. पण तिच्या लेखी हे दुसरे अपहरण होते. मुलांकडे परत जाण्यासाठी तिने पळून जाण्याचे प्रयत्न केले. तान्ही मुलगी आजारात गेली. आणि मुलांची भेट न होताच ती १८७०च्या सुमारास वारली. तिचा थोरला मुलगा क्वाना.

१८६७ साली कॅन्सासमधील मेडिसिन लॉज येथे अमेरिकन सरकारने राखीव भूमीचा तह पुढे केला. याम्पारिकांचा वृद्ध पुढारी टेन बेअर्स याने तेथे जे भाषण केले त्याचा आशय असा की वारा मोकळा वाहतो अशा ठिकाणी मी जन्मलो, भिंतीत मरावयाची मला इच्छा नाही. आणि तरीही त्याने तहावर आपली खूण केली. क्वाहाडी त्या तहाला आलेच नव्हते, म्हणून तो त्यांना लागूही नव्हता. मात्र त्यांच्या कोठारालाच गोऱ्या शिकाऱ्यांनी हात घातला. पूर्वेकडील कारखान्यांना कातडे हवे होते. लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन आलेल्या शिकाऱ्यांनी काही वर्षांत लक्षावधी बायसन मारून, कातडी सोलून, धडे कुजत टाकली. १८७४च्या जूनमध्ये क्वाना आणि इसाताई नावाचा तरुण मांत्रिक यांनी अनेक जमातींचे स्वार जमवून अडोबी वॉल्स येथील शिकाऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला केला. गोळी लागणार नाही असे इसाताईने आश्वासन दिले होते. ते फोल ठरले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी कर्नल रॅनल्ड मकेंझीने पालो दुरोच्या खोल दरीत उतरून छावण्या जाळल्या. माणसे फारशी मेली नाहीत. मकेंझीने पकडलेल्या घोड्यांतून निवडक ठेवून उरलेले हजारांहून अधिक घोडे गोळ्या घालून मारविले, कारण त्याला कोमांची काय आहेत ते नीट समजले होते. हिवाळा आला, घोडे नव्हते, मांस नव्हते. २ जून १८७५ रोजी क्वाना उरल्यासुरल्या क्वाहाडींसह फोर्ट सिल येथे शरण आला. एके काळी हजारोंनी मोजल्या जाणाऱ्या या लोकांची संख्या तेव्हा दीड हजाराच्या आसपास राहिली होती.

आन्साने शंभर वर्षांपूर्वी जे मागितले होते ते अमेरिकन कचेरीने आता हुकमाने करून घेतले : क्वानाला सर्व कोमांचींचा प्रमुख मानले. त्याने आईचे आडनाव लावले आणि नव्या जगाचे व्यवहार विलक्षण चलाखीने आत्मसात केले. राखीव भूमीतील गवत टेक्सासच्या पशुपालकांना चराईच्या मक्त्याने देऊन त्याने पैसा मिळविला, छपरावर मोठमोठे तारे रंगवलेले प्रशस्त घर बांधले, आदिवासी न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसला, आणि पुढे अनेक बायका केल्याबद्दल त्याच पदावरून दूर झाला. बायका त्याने सोडल्या नाहीत. पेयोटे या निवडुंगाच्या सेवनाभोवती जो नवा उपासनापंथ वाढला त्याचा तो एक प्रमुख प्रसारक. १८७४ साली मांत्रिकाच्या मागे जाणाऱ्याने उतारवयात रात्रभर बसून गाण्याप्रार्थनेचा पंथ चालवावा, हा बदल समजण्यासारखा आहे. थिओडोर रूझवेल्टच्या १९०५च्या शपथविधीच्या मिरवणुकीत तो घोड्यावरून गेला, आणि त्याच वर्षी रूझवेल्ट त्याच्या मुलखात लांडग्यांच्या शिकारीला आला. या साऱ्या मैत्रीने जमीन मात्र वाचली नाही. माणशी १६० एकर वाटून देऊन बाकीची राखीव भूमी १९०१ साली सोडत काढून वसाहतकऱ्यांना खुली करण्यात आली. क्वाना १९११ साली वारला. त्याच्या थडग्यावर ‘कोमांचींचा शेवटचा प्रमुख’ असे कोरले आहे. पहिलाही तोच, असे म्हणण्यास हरकत नव्हती.

यानंतरच्या काळात सरकारी वसतिशाळांत कोमांची बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. तीच भाषा दुसऱ्या महायुद्धात सरकारला हवीशी झाली. सैन्याने निवडलेल्या १७ कोमांची तरुणांनी लष्करी शब्दांसाठी आपापसांत संकेत ठरविले : रणगाड्याला कासव, बॉम्बफेकी विमानाला गर्भार विमान, मशिनगनला शिवणयंत्र, आणि हिटलरला वेडा गोरा माणूस. त्यांपैकी १४ जण युरोपात गेले, त्यांतले बहुतेक ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर उतरले, आणि आपण सुखरूप उतरलो पण ठरल्या जागी नाही, ही बातमी त्यांच्यापैकी एकाने कोमांचीतून कळविली. संकेत जर्मनांना कधी उलगडला नाही. काही जण जखमी झाले, मेला कोणी नाही. फ्रान्सने त्यांचा गौरव १९८९ साली केला, अमेरिकन काँग्रेसने सुवर्णपदक दिले ते २०१३ साली, तेव्हा त्यांपैकी शेवटचा, चार्ल्स चिबिटी, जाऊन आठ वर्षे झाली होती.

आज कोमांची राष्ट्राचे सुमारे १७ हजार नोंदलेले सभासद आहेत. कचेरी ओक्लाहोमातील लॉटनजवळ आहे. भाषा सहज बोलणारे मूठभर वृद्ध उरल्याने १९९३ पासून एक समिती शब्दकोश, वर्ग आणि ध्वनिमुद्रणे यांच्या खटपटीत आहे. कायोवा व अपाची यांच्याबरोबरच्या संयुक्त समितीतून १९६०च्या दशकात बाहेर पडताना कोमांचींनी स्वतःची घटना केली. तीत प्रमुख नाही. दैनंदिन कारभारास निवडलेली समिती व अध्यक्ष आहेत, पण सर्वोच्च सत्ता दिली आहे ती अठरा वर्षांवरील सर्व सभासदांच्या सभेला, आणि त्या सभांत वादंग भरपूर होतात.